परदेशी कारखाना आणि गावची भाकरी



एखाद्या तालुक्याच्या गावाजवळ परदेशी कंपनीचा कारखाना निघणार अशी वार्ता आली, की गावात ताबडतोब दोन तट पडतात. एक तट म्हणतो, गावाचे नशीब उघडले. आता जमिनीला भाव येईल, पोरांना नोकऱ्या लागतील, खाणावळी चालतील, भाड्याच्या खोल्या भरतील. दुसरा तट म्हणतो, ही नवी ईस्ट इंडिया कंपनीच. ती आपली माणसे राबवून घेईल आणि एक दिवस गाशा गुंडाळून निघून जाईल. आम्ही गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आहोत. ह्या दोन्ही तटांतली माणसे आमच्या नित्याच्या ओळखीची आहेत आणि दोघांचीही कळकळ खरी आहे. परंतु दोघेही कारखान्याकडे पावसासारखे पाहतात. पडला तर बरे, नाही पडला तर नशीब. आपल्या हाती काही नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. कारखाना म्हणजे एक करार असतो आणि त्याला तीन पक्ष असतात: कंपनी, सरकार आणि कामगार. पहिल्या दोन पक्षांचा करार कागदावर होतो. त्यावर सह्या होतात, हस्तांदोलने होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. तिसऱ्या पक्षाशी करार बहुधा केलाच जात नाही. त्याला फक्त आकडा सांगितला जातो, इतके हजार रोजगार! हा आकडा ऐकून टाळ्या वाजविण्यापूर्वी तो कसा तयार होतो, किती दिवस टिकतो आणि ओसरला तर मागे काय उरते, हे आपण समजून घेतले पाहिजे. तेवढ्याचसाठी हा लेख आहे.

प्रथम ह्या धंद्याची घडण पाहू. मोबाइल फोन हे उदाहरण घेऊ, कारण तो आज प्रत्येकाच्या खिशात आहे. फोनच्या पोटात एक हिरवट पट्टी असते. तिच्यावर मोहरीहूनही बारीक असे शेकडो पुर्जे बसविलेले असतात. हे पुर्जे माणूस बसवीत नाही. एक यंत्र पट्टीवर डाखाचा लेप देते, दुसरे यंत्र मिनिटाला शेकड्यांनी पुर्जे उचलून जागच्या जागी ठेवते, तिसऱ्या यंत्रात म्हणजे भट्टीत डाख वितळतो व पुर्जे घट्ट बसतात. येथे माणसे थोडी. यंत्र सांभाळणारे तंत्रज्ञ व तपासनीस. खरा माणूसबळाचा भाग पुढे येतो. काच बसविणे, बॅटरी घालणे, कॅमेरा जोडणे, तिळाएवढे स्क्रू पिळणे, फोन लावून पाहणे, पुसणे, डबीत भरणे. सरकत्या पट्ट्यापाशी रांगेने बसून किंवा उभे राहून हे काम चालते. एका माणसाच्या वाट्याला काही सेकंदांची एकच हालचाल येते व तीच हालचाल तो पाळीभर करतो.

आता ह्या कामाचे मर्म लक्षात घ्या. फिटर किंवा टर्नर तयार होण्यास वर्षे लागतात. तो एका कारखान्यातून निघाला तर त्याचा हात त्याच्याबरोबर जातो आणि दुसरीकडे त्याला त्या हाताची किंमत मिळते. पट्ट्यावरचे काम काही दिवसांत शिकता येते. जे दिवसांत शिकता येते ते करणारा माणूसही दिवसांत बदलता येतो. म्हणून ह्या धंद्यात एकट्या कामगाराला घासाघीस करण्याचे बळ फार थोडे असते.

दुसरे मर्म स्थळाचे आहे. साखर कारखाना उसाला बांधलेला असतो. तो उचलून परराज्यात नेता येत नाही. फोनचे पुर्जे हलके आणि मोलाचे असतात. ते विमानाने येतात व तयार माल विमानाने जातो. विमानतळ, पक्का रस्ता, अखंड वीज आणि तरुण माणसे एवढे जेथे मिळेल तेथे हा कारखाना उभा राहू शकतो, आणि तसाच तो उठूही शकतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसा हा प्रकार आहे.

तिसरे मर्म पैशाचे आहे. २००९ साली आयफोनच्या एका नगाचा उत्पादन-खर्च सुमारे १७९ डॉलर होता, असा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. त्यांपैकी चीनमध्ये जोडणी करण्याचा खर्च होता साडेसहा डॉलर, म्हणजे शंभरात चारांहूनही कमी. बाकीची किंमत जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका अशा देशांत बनलेल्या पुर्ज्यांची होती. आणि विक्रीच्या किमतीतला मोठा नफा तर नाव व आराखडा ज्याचा त्या कंपनीचा. म्हणजे आपल्या गावात जो भाग येतो तो बहुधा ह्या साडेसहा डॉलरांचा असतो. तो तुच्छ आहे असे आम्ही म्हणत नाही. लाखो घरांच्या चुली त्यावर पेटतात. पण पूर्ण फोनची किंमत सांगून कोणी गावाच्या संपत्तीचा हिशेब मांडू लागला, तर त्याला हा आकडा दाखवावा.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. तामिळनाडूत चेन्नईपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर नावाचे गाव आहे. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून ते पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची हत्या येथेच झाली, म्हणून ते नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले. चेन्नई-बंगळूर हमरस्ता येथून जातो. ह्या गावाजवळ फिनलंड देशाच्या नोकिया कंपनीने फोनचा कारखाना काढावयाचे ठरविले. २००५ साली राज्य सरकारशी करार झाला, सरकारी औद्योगिक महामंडळाने दोनशे एकरांहून अधिक जमीन दिली आणि २००६ च्या आरंभी उत्पादन सुरू झाले. जागेला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. करांत सवलती मिळाल्या. नोकियाच्या मागोमाग तिला पुर्जे पुरविणाऱ्या कंपन्याही त्याच आवारात आल्या. त्यांत तैवानची फॉक्सकॉन होती, फिनलंडचीच सॅलकॉम्प होती. भरभराटीच्या काळी एकट्या नोकियात सुमारे आठ हजार माणसे होती, आणि त्यांत बहुसंख्या तरुण मुलींची होती.

ह्या मुली आजूबाजूच्या व लांबच्या खेड्यांतून आल्या होत्या. शेतमजुरांच्या, लहान शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या मुली. बारावी झालेली किंवा पदविका घेतलेली मुलगी कंपनीच्या बसमधून कामावर जाऊ लागली, महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवू लागली, धाकट्या भावंडांची फी भरू लागली. लग्न वर्ष-दोन वर्षे पुढे ढकलण्याचा अधिकार तिला मिळाला, तो कोणी भाषण करून दिला नव्हता; पगाराने दिला होता. जे लोक अशा कारखान्यांना सरसकट नावे ठेवतात त्यांनी हा लाभ आधी प्रामाणिकपणे मोजला पाहिजे. जमाखर्च मांडावयाचा तर जमेची बाजू खोडून चालत नाही.

आता खर्चाची बाजू. कंपन्या मुलींनाच का घेतात? सांगितले असे जाते की त्यांची बोटे नाजूक व चपळ असतात. आमच्या अनुभवाने दुसरीही कारणे आहेत. मुलगी नवी असते, वसतिगृहात राहते, मुकादमाला उलट बोलत नाही, युनियनच्या भानगडीत पडणार नाही आणि चार-पाच वर्षांत लग्न होऊन जाईल, असा हिशेब असतो. म्हणजे तिच्यावर कायमपणाचा, बढतीचा, ग्रॅच्युइटीचा बोजा पडत नाही. हा हिशेब श्रीपेरुंबुदूरला पुरता चुकला. २००९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१० च्या जानेवारीत नोकियात संप झाले. २०१० च्या जुलैमध्ये फॉक्सकॉनच्या कारखान्यात एकाएकी अडीचशेच्या आसपास कामगारांना त्रास होऊन इस्पितळात न्यावे लागले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर तेथे युनियनच्या मान्यतेसाठी व पगारासाठी संप झाला. शेकडो कामगारांना अटक झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर नोकियात एक तरुण कामगार मुलगी यंत्रात सापडून मृत्यू पावली आणि सहकाऱ्यांनी काम थांबविले. ही सारी माणसे कालपरवापर्यंत भोळीभाबडी समजली जात होती.

पण ह्या कारखान्याचा शेवट संपाने झाला नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. कारण कारखाना बंद पडला की बोट पहिल्याने युनियनकडे दाखविण्याची आपल्याकडे रीत आहे. शेवट दोन कारणांनी झाला. एक, जगाच्या बाजारात स्पर्श करून चालविण्याचे नवे फोन आले आणि नोकियाचा खप कोसळला. दोन, करांचा तंटा. २०१३ च्या आरंभी आयकर खात्याने छापे घातले आणि फिनलंडच्या मूळ कंपनीला सॉफ्टवेअरपोटी दिलेल्या रकमांवर कर कापला नाही, म्हणून दोन हजार कोटी रुपयांहून अधिक मागणी केली. पाठोपाठ राज्य सरकारने विक्रीकराची तशीच मोठी मागणी पुढे केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नोकियाने आपला फोनचा धंदा अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टला विकण्याचे जाहीर केले. २५ एप्रिल २०१४ रोजी तो व्यवहार पुरा झाला. जगभरचे इतर बहुतेक कारखाने नव्या धन्याकडे गेले. श्रीपेरुंबुदूरचा मात्र करांच्या तंट्यात मालमत्ता अडकल्यामुळे मागे राहिला. आता तो दुसऱ्यासाठी मजुरीवर फोन जोडणारा कारखाना झाला. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती पुढे केली. सुमारे साडेसहा हजारांपैकी पाच हजारांच्या आसपास माणसांनी ती घेतली. तिच्यात स्वेच्छा किती होती हे ज्याने असे अर्ज लिहून दिले आहेत तोच सांगू शकेल. पुढे मायक्रोसॉफ्टने काम देणे थांबविले आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन बंद झाले. घर फिरले की वासेही फिरतात. डिसेंबरात फॉक्सकॉननेही त्या आवारातले काम बंद केले.

आता पाहा, ह्यात कामगाराच्या हाती काय होते? नवा फोन काढावा की नाही, हे ठरले फिनलंडात. धंदा विकावा की नाही, तेही तेथेच ठरले. कर किती, हे ठरले दिल्ली व चेन्नईच्या कचेऱ्यांत. काम थांबवावे, हे ठरले अमेरिकेत. पट्ट्यावरच्या मुलीने एक स्क्रूही वाकडा पिळला नव्हता आणि नोकरी मात्र तिचीच गेली. कंपनी व सरकार यांचा कर-तंटा पुढे २०१८ साली दोन देशांच्या सरकारांच्या वाटाघाटींतून मिटला. त्यांना थांबण्यास सवड होती. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीला मात्र चार वर्षे थांबता येत नाही.

हे काही हिंदुस्थानचेच दुर्दैव आहे असे समजू नका. ह्याच कंपनीचा जर्मनीत बोखुम शहरी कारखाना होता. तेथल्या सरकारने त्याला कोट्यवधी युरोंचे अनुदान दिले होते. २००८ च्या जानेवारीत कंपनीने तो बंद करून काम रुमानियातील क्लुज शहराजवळ नेण्याचे जाहीर केले. बोखुमच्या सुमारे तेवीसशे कामगारांची नोकरी गेली. क्लुजमध्ये आनंदीआनंद झाला. पण २०११ साली क्लुजचाही कारखाना बंद झाला आणि तेथलेही दोन हजारांवर लोक रस्त्यावर आले. पुढच्याच वर्षी खुद्द फिनलंडातल्या सालो गावचा कारखाना बंद करण्याचे ठरले. स्वतःच्या मायभूमीतही जी कंपनी थांबली नाही, ती आपल्यासाठी थांबेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. आणि तिला शिव्या देण्यातही नाही.

परंतु बोखुम आणि श्रीपेरुंबुदूर यांत एक फरक आहे आणि तो आमच्या मते ह्या लेखाचा गाभा आहे. बोखुमचा कारखानाही वाचला नाही. तथापि तेथे कामगारांची जुनी, मुरलेली संघटना होती. कारखान्याच्या कारभारात कामगार मंडळाला कायद्याने स्थान होते. त्यांनी महिनोन् महिने वाटाघाटी करून कामगारांच्या भरपाईसाठी वीस कोटी युरोंची तरतूद पदरात पाडून घेतली. सरकारने दिलेल्या अनुदानाचा जाब विचारला आणि शहराच्या नव्या उद्योगांसाठी कंपनीला पैसे द्यावे लागले. म्हणजे जाणाऱ्याला अडविता आले नाही, तरी जाण्याची किंमत वसूल करता आली. श्रीपेरुंबुदूरची युनियन वयाने चार-पाच वर्षांची होती आणि राज्य सरकारच्या करारात कामगार हा पक्षच नव्हता.

गोष्ट येथे संपत नाही. कारखाने गेले तरी रस्ता, वीज, बंदर, विमानतळ आणि काम जाणणारी माणसे जागेवरच राहिली. त्यामुळे दुसरी लाट आली. फॉक्सकॉनने श्रीपेरुंबुदूर भागातील आपल्या दुसऱ्या कारखान्यात २०१९ पासून आयफोन जोडण्यास सुरुवात केली. नोकियाची बंद पडलेली वास्तू सॅलकॉम्पने घेतली व तेथे चार्जर होऊ लागले. १ एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची योजना काढली. वाढीव विक्रीवर शेकडा चार ते सहा इतकी रक्कम कंपनीला मिळू लागली. ध्यानात ठेवा, मोजमाप आहे ते विक्रीचे. कामगार किती दिवस टिकला, कायम झाला की नाही, ह्यावर ते शेकडे ठरत नाहीत.

आणि दुसऱ्या लाटेतही जुनेच प्रश्न वर आले. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात कोलारजवळ नरसापूर येथे विस्ट्रॉन ह्या तैवानी कंपनीच्या कारखान्यात पगार वेळेवर व पुरा मिळत नाही म्हणून कामगारांचा उद्रेक झाला व मोडतोड झाली. त्यांतले बहुसंख्य कंत्राटदारांमार्फत घेतलेले होते. मोडतोडीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण जेथे तक्रार करण्याची खिडकी नसते तेथे काच फुटते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, फॉक्सकॉनच्या मुलींच्या एका वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली; १५९ जणींना इस्पितळात दाखल करावे लागले. मुली हमरस्त्यावर बसल्या. कारखाना तीन आठवड्यांवर बंद राहिला, आणि वसतिगृहे व भोजनगृहे सुधारल्याशिवाय तो चालवू नये असे खुद्द अॅपलला म्हणावे लागले. त्यानंतर सरकारने वल्लम-वडगाल येथे साडेअठरा हजारांहून अधिक खाटांचे वसतिगृह बांधले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मुली रस्त्यावर बसल्या नसत्या तर त्या खाटांचा विचार इतक्या लवकर झाला असता का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जून २०२४ मध्ये रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केले, की त्याच कंपनीच्या आयफोन-कारखान्यात विवाहित स्त्रियांना पट्ट्यावरच्या कामापासून दूर ठेवले जाते. कंपनीने आरोप नाकारला. केंद्र सरकारने राज्याकडे अहवाल मागितला. २०१४ साली घरी गेलेल्या मुलींची लग्ने होऊन गेली होती. कारखाने परत आले. पण त्या मुलींपैकी किती जणींना पुन्हा आत जाता आले असेल, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

त्याच श्रीपेरुंबुदूरला कोरियाच्या सॅमसंग कंपनीचा कारखाना आहे. तेथे फ्रिज, दूरदर्शन संच, धुलाईयंत्रे बनतात. ९ सप्टेंबर २०२४ पासून तेथील कामगारांनी सदतीस दिवस संप केला. पगार व कामाचे तास ह्या मागण्या होत्याच. परंतु मुख्य झगडा होता युनियनची नोंदणी व मान्यता ह्यांचा. युनियनच्या नावात कंपनीचे नाव असावे की नसावे यावर कज्जा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी २७ जानेवारी २०२५ रोजी नोंदणी झाली. ज्या देशात १९२६ पासून युनियन नोंदविण्याचा कायदा होता, त्या देशात २०२५ साली एका नोंदणीसाठी इतका खटाटोप करावा लागला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. ८ ऑगस्ट २०१५ रोजी फॉक्सकॉनने महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला. पाच अब्ज डॉलर गुंतवणूक आणि पन्नास हजार रोजगार, असा आकडा होता. तो कारखाना आला नाही. २०२२ साली वेदांत-फॉक्सकॉनचा अर्धवाहक पट्ट्यांचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे ठरले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले. बाजारात तुरी, अशी ही गत. तात्पर्य, सामंजस्य करार म्हणजे रोजगार नव्हे. रोजगार म्हणजे हजेरीपटावरचे नाव, हातातले नेमणूकपत्र आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या खात्यात भरलेली रक्कम.

ह्या शेवटच्या वाक्यावर थोडे अधिक बोलणे भाग आहे. आमच्या भागातल्या एका कारखान्यातली, त्याचे नाव येथे घेत नाही, एक मुलगी आमच्याकडे आली. पाच वर्षे एकाच पट्ट्यावर, एकाच खुर्चीवर तिने काम केले होते. कागद पाहिले तर तिचे मालक तीन. दर अकरा महिन्यांनी कंत्राट बदले, मध्ये काही दिवसांचा खंड पडे आणि ती पुन्हा नवी होई. कागदोपत्री तिने कोठेच एक वर्ष पुरे केले नव्हते. सरकारच्या आकड्यात मात्र ती एक रोजगार म्हणून धरली गेली असेल, कदाचित तीनदाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि जुने बरेच कायदे त्यांत विलीन झाले. त्यांतल्या काही गोष्टी नागरिकांनी जाणून घ्याव्यात. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे. ठराविक मुदतीच्या कामगारालाही एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. कमी केलेल्या कामगाराला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम नवे कौशल्य शिकण्यासाठी मिळावी अशी तरतूद आहे. ह्या जमेच्या बाजू. दुसरीकडे, कारखाना बंद करण्यास सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागे, ती आता तीनशेंपासून लागते. संपाला चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. निम्म्या कामगारांनी एकदम किरकोळ रजा घेतली तरी तो संप समजला जातो. अर्थात कायद्याने दिलेले हक्क आपोआप घरी चालत येत नाहीत. ते आणावयास कोणीतरी जावे लागते.

मग गावाने काय करावे? कारखाना नको म्हणावे काय? नाही. ज्या घरात पदवीधर पोरगा तीन वर्षे बसून आहे त्या घरात जाऊन असे म्हणण्याची आमची छाती नाही. आमचे सांगणे इतकेच, की भूमिपूजनाच्या आधी काही प्रश्न विचारावे आणि उत्तरे लेखी मागावी.

पहिला प्रश्न: सांगितलेल्या रोजगारांत कायम किती, मुदतीचे किती आणि कंत्राटी किती? दुसरा: सरकारने दिलेल्या सवलतींचा करार प्रसिद्ध होणार का, आणि कंपनी मुदतीपूर्वी गेली तर त्यांतले काय परत मिळणार? तिसरा: येथे नुसती जोडणी होणार, की पुर्जेही बनणार? पुर्ज्यांचा कारखाना जोडणीच्या कारखान्याइतका सहज उठत नाही. शिवाय त्यांत आपल्या लहान कारखानदारांनाही वाव मिळतो. चौथा: मुलामुलींना काय शिकविणार? पट्ट्यावरचा मुलगा पाच वर्षांत यंत्रदुरुस्तीपर्यंत पोहोचावा, गावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशी जोड असावी आणि शिकल्याचा दाखला दुसरीकडे चालावा. कारखाना गेला तरी हात राहील. पाचवा: राहणे, जेवण, रात्रपाळीची बस यांची जबाबदारी कोणाची, कंपनीची की कंत्राटदाराची? सहावा: कामगारांनी युनियन केली तर कंपनी तिच्याशी बोलणार का?

हे प्रश्न कामगारांनीच विचारावे असे नाही. कामगार तर अजून नेमलाच गेलेला नसतो! ते विचारावयाचे आहेत आज ह्या मांडवात बसलेल्यांनी. दुकानदाराने, कारण कारखाना बंद झाला की त्याची उधारी बुडते. कर्ज काढून खोल्या बांधणाऱ्याने, कारण भाडेकरू एका महिन्यात निघून जातात आणि बँकेचा हप्ता राहतो. शिक्षकाने, कारण त्याच्याच वर्गातली मुले पट्ट्यावर बसणार आहेत. नगरसेवकाने व वकिलाने, कारण करार वाचता येतो तो त्यांना. आणि आईबापांनी, कारण अठरा वर्षांची मुलगी वसतिगृहात पाठविताना तिच्या ताटात काय पडते हे विचारण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे.

एक शंका हटकून घेतली जाते. इतके प्रश्न विचारले तर कंपनी शेजारच्या राज्यात जाईल! ह्यात तथ्य नाही असे नाही. राज्या-राज्यांत चढाओढ आहेच. परंतु श्रीपेरुंबुदूरला ज्या कंपन्या परत आल्या त्या तेथले लोक मुके होते म्हणून आल्या नाहीत. तेथे दहा वर्षांत संप झाले, रस्ते अडले, कज्जे झाले. २०२३ च्या एप्रिलमध्ये विधानसभेने बारा तासांच्या पाळीला वाट देणारे विधेयक मंजूर केले आणि कामगारांच्या विरोधामुळे मे दिनी सरकारने ते मागे घेतल्याचे जाहीर केले. तरीही कारखाने तेथेच वाढत आहेत. कारण बंदर आहे, रस्ता आहे, शिकलेली माणसे आहेत. कंपनी भावनेने येत नाही आणि रागाने जात नाही. ती हिशेबाने येते व हिशेबाने जाते. मग आपणही हिशेबानेच बोलावे, ह्यात वावगे काय?

आमच्या संघटनेने ह्या सहा प्रश्नांचा एक छापील कागद केला आहे. ज्या गावाला तो हवा असेल त्याने घेऊन जावा, त्यात आपले प्रश्न घालावे, आणि कारखान्याची घोषणा होईल त्याच आठवड्यात तो ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत वाचावा. पहिली वीट बसल्यानंतर तो वाचला तर उशीर झालेला असतो; कंपनी गेल्यावर वाचला तर तो ऐकावयास कोणीही नसते.